पैसा कोणाच्या हाती?

१९४८च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने ब्रिटनमधल्या स्थानिक प्रशासनांवर अपंगांच्या देखभालीची जबाबदारी टाकली, पण सेवेऐवजी रोख रक्कम द्यायला मज्जाव केला. सकाळी अंथरुणातून उठवायला कोण आणि किती वाजता येणार, हेही कचेरीतच ठरे. या व्यवस्थेला हादरा दिला तो हॅम्पशरमधल्या ल कोर्ट या निवासी संस्थेतल्या अपंगांनी. संस्थेत आपल्यावर होणारा खर्च स्वतःच्या घरी मदतनीस नेमायला मिळावा, ही त्यांची मागणी 'प्रोजेक्ट ८१' म्हणून ओळखली गेली. प्रशासनाने संस्थेमार्फत पैसे देऊन कायद्यातून वाट काढली. पुढे चळवळीच्या रेट्याने १९९६मध्ये थेट रक्कम देण्याचा कायदा झाला.

मानसिक आजार असलेले लोक मात्र मागेच राहिले. कागदावर ते पात्र होते, पण ज्यांच्यावर मानसिक आरोग्य कायद्याखाली काही विशिष्ट बंधने होती, त्यांना नोव्हेंबर २००९पर्यंत नियमांनीच वगळले होते. हे लोक पैसे उडवतील, ही भीती पुराव्याआधीच गृहीत धरली गेली. पुरावा आला तो उलटाच. २००५ ते २००७ या काळात इंग्लंडमधल्या १३ प्रशासनांत वैयक्तिक निधीचा, म्हणजे मंजूर रक्कम कशी वापरायची हे ज्याचे त्याने ठरवण्याचा, प्रयोग झाला. २००८च्या मूल्यमापनात मानसिक आजार असलेल्यांचे जीवनमान नेहमीची सेवा घेणाऱ्यांपेक्षा सरस आढळले. ठरलेल्या दिवशी केंद्रात जाऊन बसण्याऐवजी व्यायामशाळेचे शुल्क भरणे किंवा बाहेर पडताना सोबतीला माणूस नेमणे त्यांना आता शक्य होते.

याच मूल्यमापनात वृद्धांचे मनःस्वास्थ्य मात्र खालावलेले दिसले; तेव्हा हिशेब आणि नेमणुकांचा भार सर्वांना पेलतो, असे म्हणता येत नाही. म्हणून सक्ती नको आणि हिशेबाला मदत हवी. आजार बळावला तर काय, या शंकेलाही उत्तर आहे: पैसे कोणी सांभाळायचे, हे बरे असतानाच ठरवता येते. निधी देऊन सरकार अंग काढून घेईल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण तुटपुंजी तरतूद हा दोष रकमेचा आहे, आणि तो कचेरीने चालवलेल्या सेवेलाही तितकाच लागू पडतो. सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्यांपैकी ज्यांना कायद्याने नंतरची देखभाल मिळते, त्यांना डिसेंबर २०१९पासून वैयक्तिक आरोग्य निधी मागण्याचा हक्क आहे. ज्यांच्यावर सर्वांत कमी विश्वास होता, त्यांच्यापर्यंत हा हक्क सर्वांत उशिरा पोचला; त्या विलंबाला पुराव्याचा आधार कधीच नव्हता.