पंडिता रमाबाई आणि ग्रंथ वाचण्याचा अधिकार

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ख्रिस्ती माणसाने आपल्या आयुष्याविषयीची ईश्वराची इच्छा शास्त्रातून कशी ओळखावी, हा प्रश्न चर्चच्या चार भिंतींतला. तो वसंतातल्या या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न पुण्यात एकदा भर चव्हाट्यावर आला होता. १८९३ साली तो वर्तमानपत्रांतून गाजला, त्यापायी एका संस्थेच्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली घरी नेल्या. आणि राजीनामा देणाऱ्यांत, ज्यांनी या व्याख्यानमालेचा पाया घातला ते न्यायमूर्ती रानडेही होते. तेव्हा हा आपल्या घरचाच इतिहास आहे, आणि तो थोडा सलणारा आहे.

संस्था म्हणजे शारदासदन आणि तिच्या चालक पंडिता रमाबाई. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, त्यांनी विधवांचे आश्रम काढले, केडगावला त्या वारल्या, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांचे सारे आयुष्य ज्या एका प्रश्नाभोवती फिरले त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ईश्वर ग्रंथातून बोलतो हे त्यांनी जन्मभर मानले. ग्रंथ बदलला, ही गोष्ट वेगळी. मात्र तो ग्रंथ वाचायचा कोणी, आणि त्याचा अर्थ कोणी सांगायचा, याविषयी त्या कोणाचेच ऐकायला तयार नव्हत्या. शास्त्रीमंडळींचे नाही, इंग्लंडातल्या बिशपांचे नाही आणि पुण्याच्या सुधारकांचेही नाही.

या हट्टाचे मूळ शोधायला विलायतेस जाण्याचे कारण नाही. ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात सापडते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा भोवतालच्या विद्वानांचा रोष झाला. उडुपीच्या वैष्णव पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला आणि स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी शास्त्राच्याच आधाराने मांडले. मात्र वेद त्यातून वगळले होते. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या या मुलीला आईकडून संस्कृत मिळाले, पुराणे तोंडपाठ झाली, वेद तेवढे मिळाले नाहीत. एवढा धीट बापदेखील एका उंबरठ्याशी थांबला होता.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. बहीणभाऊ पायी हिंदुस्थानभर हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या आणि पडद्यातल्या बायकांना शास्त्राप्रमाणे स्त्रीधर्म सांगण्याची कामगिरी सोपवली. इथेच गोम होती. व्याख्याने द्यायची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचले. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहिले आहे की, इतर बाबतींत त्या ग्रंथांची आपसांत तोंडे दहा दिशांना होती. स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी तेवढे त्यांचे एकमत दिसले. वाचायला न लावता नुसते ऐकायला लावले असते, तर कदाचित त्या जन्मभर पुराणच सांगत राहिल्या असत्या. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद ठेवले. वडील ज्या उंबरठ्याशी थांबले होते तो असा ओलांडला गेला, पण तोवर मन उडाले होते.

पुढे भाऊ वारला, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि सिल्चरच्या घरी एके दिवशी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका हाती लागली. ती कोणी मुद्दाम दिली नव्हती. घरच्या पुस्तकांत सापडली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती गेले, आणि त्याच वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे कौतुक केले. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ छापून झाली, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. याच काळात त्यांची गाठ फादर नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. हे मूळचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन ब्राह्मण, षड्दर्शनांचे गाढे पंडित. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. गोऱ्यांनी बायबलही शास्त्रासारखेच वाचले. पूर्वपक्ष मांडायचा, त्याचे खंडन करायचे आणि मग सिद्धान्ताला यायचे. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्यांनी मराठीत लिहून पाठवलेल्या युक्तिवादाचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. युक्तिवादाइतकाच परिणाम लंडनजवळच्या फुलॅम येथील एका आश्रमाने केला. पतित म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे जोगिणी सेवा करीत. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांच्या नजरेतून उतरलेल्या बाईशी येशू धर्माची गोष्ट बोलतो. जे वेद आईला मिळाले नाहीत त्यांची आठवण रमाबाईंना तेव्हा झाली की नाही हे त्यांनी लिहिलेले नाही. आम्हांला मात्र झाल्याशिवाय राहत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बातमी पुण्यास पोचली आणि कालची सरस्वती आज घरभेदी ठरली. त्या गदारोळात जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सारा’त रमाबाईंची बाजू उघडपणे घेतली, हे नमूद करावयास हवे.

पण ख्रिस्ती झाल्याने प्रश्न सुटला असे ज्यांना वाटत होते, त्यांत वाँटेजची मंडळीही होती. आणि त्यांची फसगत पुण्याच्या मंडळींहून मोठी झाली. सिस्टर जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता. तिने जपून ठेवलेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला; तो मूळ इंग्रजीत आहे आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य वाचावा. रमाबाई पुडिंगात अंडे खात नाहीत, यात जेराल्डिनला जातीचा अहंकार दिसतो. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असे रमाबाई विचारतात. मुंबईचे बिशप कळवतात की, या बाईने तरुण पुरुषांना शिकवू नये, हिंदुस्थानात ते शोभणार नाही. यावर रमाबाई आपण बंगालपासून पुरुषांच्या सभांत बोलत आलो आहोत, असे सुनावतात. ही सारी भांडणे मौजेची वाटतात; परंतु मुख्य भांडण त्रैक्याचे होते. जुन्या धर्मसभांनी ठरवलेले सिद्धान्तवचन बायबलात शब्दशः कुठे आहे ते दाखवा, नसेल तर ते मजवर आणि माझ्या मुलीवर बंधनकारक नाही, अशी रमाबाईंची भूमिका. जेराल्डिनचे म्हणणे, शास्त्र हे चर्चने सांगितलेल्या अर्थासह घ्यायचे असते. एकट्याने वाचणारा आपलाच मनोरथ ईश्वराची इच्छा म्हणून वाचतो. हिंदी पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, या आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले.

जेराल्डिनच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या इच्छेला देवाचे नाव देणे हा धार्मिक माणसाचा जुना रोग आहे आणि तो सर्व धर्मांत सारखाच आढळतो. रमाबाईंनाही ही शंका होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. १८९१ च्या सुमारास त्यांचे समाधान झाले. तेही कोणा गुरूच्या उपदेशाने नव्हे, तर पुन्हा वाचूनच.

आता शारदासदन. मार्च १८८९ मध्ये ते मुंबईस निघाले आणि १८९० च्या अखेरीस पुण्यास आले. त्याच सुमारास पंचहौद मिशनातल्या चहाचे प्रकरण गाजत होते. एका पेल्याने जिथे ग्रामण्य उभे राहिले, तिथे ख्रिस्ती बाई ब्राह्मणांच्या विधवा मुली सांभाळणार होती. अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन होते, आणि सदनात धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा करार होता. रानडे, भांडारकर यांसारखी माणसे सल्लागार होती. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाला, तोही याच पुण्यात.

रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते आणि हाकलूनही दिले नाही. त्या उघड्या दारावरून सारे रण माजले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले, वीस-पंचवीस मुली सदनातून गेल्या.

दोष कोणाचा? रमाबाईंनी कराराचा शब्द मोडला नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या मुलीला जगात दुसरा आधार नाही, तिला आधार देणाऱ्या बाईच्या खोलीचे दार हे साधे दार नसते. आईविना वाढलेले पोर माऊलीच्या मागे जाणारच. रानडे-भांडारकरांनी पालकांना शब्द दिला होता आणि त्यांची अडचण खरी होती. उलट असेही विचारता येईल की, स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मुलीबरोबर वाचताना बाईने दार लावून घ्यावे, अशी अट कोणत्या पुरुषाला घातली असती? अनंतशास्त्र्यांना विचारलेला प्रश्नच पुण्याने त्यांच्या मुलीला वेगळ्या शब्दांत विचारला, असे आम्हांला वाटते. तडजोड होण्याजोगी होती. ती कोणी केली नाही.

यानंतर रमाबाईंची वाट ठरली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून निराधार मुली आणण्यास त्या निघाल्या, तेव्हा हाताशी ना जागा होती ना पैसा. इथे त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्या रोज वाचीत. एखादे वचन मनास धरून बसे. पण तेवढ्यावर त्या निघत नसत. वचन, समोर उभी असलेली गरज आणि स्वतःच्या आयुष्यातली खूण या तिन्हींचा मेळ बसला की मग त्या मागे पाहत नसत. दुष्काळात रानोमाळ उपाशी हिंडल्याची खूण तर त्यांच्या अंगावरच होती. तीनशेच्या आसपास मुली आल्या. पुण्यात प्लेगचा कहर, शहरात त्यांना ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. म्हणून केडगावच्या माळावर आधीच घेतलेल्या जमिनीत ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या जवळपास माणसे होती.

हे मोठेपण मान्य करूनही एक शंका उरते. बिशपाला प्रतिप्रश्न करणाऱ्या रमाबाईंच्या आश्रमात, एखादी मुलगी उठून त्यांना प्रतिप्रश्न करू शकत होती काय? दोन हजारांचा संसार चालवणाऱ्या बाईला हे परवडले असते की नाही, कोण सांगणार! परंतु शेवटच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी जे काम केले, त्यात या शंकेचे त्यांच्या परीचे उत्तर असावे. त्यांनी बायबलाचे मुळातून मराठी भाषांतर करायला घेतले.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. त्यापूर्वी गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत गाऊन ती कथा लोकांच्या कानी घातली होती. श्रीरामपूरच्या कॅरीने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, आणि पुढे बायबल सोसायटीची भाषांतरे निघाली. रमाबाईंची तक्रार अशी की, ही भाषा शास्त्रीबुवांची आहे. नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, आणि संस्कृत शब्दांबरोबर जुन्या देवधर्माचे अर्थही चोरपावलांनी आत येतात. साऱ्या महाराष्ट्रात संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते अशा या एकट्या बाई, आणि त्यांनीच संस्कृत गाळायचे ठरवले! उतारवयात त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या.

याच वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमके उलट्या वाटेने चालले होते. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनापाशी अडकून, ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आणि तुकोबांचे, वारकऱ्यांचे शब्द त्यांनी ख्रिस्ताच्या भजनात आणले. अखेरीस १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. मराठीत कोण जिंकले म्हणाल, तर टिळक. त्यांची भजने अजून गायली जातात. रमाबाईंचे भाषांतर शब्दाला शब्द लावल्यामुळे ठिकठिकाणी अडखळते, आणि ते केडगावच्या बाहेर फारसे रुळले नाही. जुना अर्थ टाळण्यासाठी जुना शब्द टाकला की त्याच्याबरोबर पुष्कळसा ओलावाही जातो. पण टिळकांचे शब्द गाण्यासाठी होते आणि रमाबाईंचे एकटीने बसून वाचण्यासाठी, हा फरक विसरून चालणार नाही.

सबंध बायबल एकट्या स्त्रीने भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात विरळा. अमेरिकेत ज्युलिया स्मिथचे १८७६ साली छापलेले आहे. केडगावला तर छापखानाही बायकांचाच. ग्रीक-हिब्रू अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या, कागद ओढणाऱ्या आणि पाने शिवणाऱ्या साऱ्या आश्रमातल्याच होत्या. त्यांतल्या कित्येक दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या. १९१३ साली नवा करार निघाला. जुन्या कराराचे काम चालू असता १९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाई मुद्रिते तपासतच राहिल्या. काम पुरे होण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागितले आणि दहाव्या दिवशी शेवटचे पान हातावेगळे केले, असे आश्रमात सांगत असत. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला, तेव्हा त्याची पाने जुळवून बांधण्याचे काम त्याच मुलींनी केले.