मोहोळातला बकासुर

आमच्या एरंडोलला लोक पूर्वीची एकचक्रानगरी मानतात. गाडाभर अन्न आणि वर एक माणूस असा कर घेणारा बकासुर इथलाच. पोरांना ही कथा तोंडपाठ. म्हणूनच गेल्या वैशाखात कडुनिंबाच्या ढोलीतले मोहोळ ओस पडले, तेव्हा एकाने विचारले, "गुरुजी, माश्यांना कुणी खाल्लं?"

पोळे काढून पाहिले. मधाचा थेंब नाही; कोळिष्टकांसारखी जाळी, काळे विष्ठेचे कण आणि वळवळणाऱ्या मळकट अळ्या. हाच तो मेणपतंग!

मादी रात्री पोळ्यात शिरते, फटीत अंडी घालते. अळी मेण पोखरीत जाते. पण तिचा खरा जीव परागात आणि माश्यांच्या पिल्लांनी टाकलेल्या कातीत. म्हणून जुने, काळे पोळे तिला अधिक प्रिय. भरल्या मोहोळात माश्या तिला ओढून बाहेर टाकतात. फुलोरा आटला, माश्या रोडावल्या, की तिचे फावते. मग आपली सातेरी माशी लढत बसत नाही. घर सोडून जाते. (एकचक्रेच्या ब्राह्मणाला तेही जमले नव्हते!)

हे दुखणे आजचे नव्हे. ॲरिस्टॉटलने त्याची नोंद केली. व्हर्जिलने आपल्या शेतीकाव्यात मधमाश्यांच्या शत्रूंत त्याला बसवले. अमेरिकेत लँग्स्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली सुट्या चौकटींच्या पेटीची युक्ती काढली, तेव्हा कुठे पोळे न मोडता आत डोकावता येऊन चोर वेळीच सापडू लागला. आपल्याकडे फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या सुमारास दक्षिणेत देशी माशीच्या बेताची लहान पेटी रूढ केली. खादी आयोगाने १९६२ मध्ये पुण्यास मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था काढली.

त्याच साली पंजाबात विलायती माशी आणून बसवली गेली. वरोआ ही आठ पायांची, गोचिडीच्या कुळातली. १९०४ मध्ये जावात प्रथम वर्णिलेली. सातेरी तिला अंगावरून झाडून टाकते. विलायतीला ती विद्या फारशी नाही, म्हणून जगभर तिची मोहोळे या उपद्रवाने बसली.

मेणपतंगाची अळी प्लॅस्टिकही कुरतडते, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ऐकून पोरे खूष! असो.

ते पोळे मी पोरांदेखत जाळले. ढोली साफ करून ठेवली आहे. दसरा गेला, अजून कुणी बिऱ्हाड केलेले नाही.