गाडीतली ‘शारदा’

सफाळ्याहून पालघरला जाताना मध्ये केळवे रोड हे एकच स्टेशन लागते. एवढ्या प्रवासात नाटकाचा एक प्रवेश होतो. कोळशाच्या इंजिनाची ती गाडी कुठे सिग्नलला अडली तर दीडही होतो. हा हिशेब आम्ही १९६६ साली, अकरावीत असताना, प्रत्यक्ष करून पाहिला आहे. तेव्हा अकरावी हेच शाळेचे शेवटचे वर्ष. शालान्त परीक्षा दहावीवर आली ती १९७५ साली.

शाळेत आम्हांला नाटक नव्हते असे नाही. मराठीच्या तासाला होते. स्वभावचित्र रेखाटा, संदर्भासह स्पष्टीकरण करा, हे सारे होते. दुसरे नाटक स्नेहसंमेलनात होई. पण त्यात अकरावीच्या मुलांना मज्जाव, कारण अभ्यास बुडतो. म्हणजे ज्या वर्षी नाटकाचे मार्क मिळायचे, नेमके त्याच वर्षी नाटक करायचे नाही!

ही फारकत काही आमच्या शाळेने काढलेली नव्हे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा नाटकाला आजच्यासारखी संहिता नव्हती. सूत्रधार पदे म्हणे आणि देव-राक्षस आपापली भाषणे ऐन वेळी रचीत. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना तो आरडाओरडा रुचेना. त्यांच्यापर्यंत नाटक पोचले ते पुस्तकातून. परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘वेणीसंहार’ १८५७ साली आणि ‘शाकुंतल’ १८६१ साली मराठीत आणले. ते वाचले गेले, वाखाणले गेले. पण मराठी शकुंतला रंगभूमीवर येऊन गाऊ लागायला १८८० साल उजाडावे लागले. तिला आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर एके काळी बेळगावला शिक्षक होते. त्यांना गुरू मानणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावलाच शिकले आणि तिथेच शिक्षकही झाले. मराठी नाटक ज्यांनी घडवले, ती माणसे अशी फळ्याजवळून उठून आलेली होती. शाळेला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आमच्या मराठीच्या मास्तरांना हे ठाऊक असावे. एके दिवशी त्यांनी देवलांची ‘शारदा’ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “गाडीत मज्जाव नाही ना?”

झाले! गणपतीपासून दिवाळीपर्यंत तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे आमचे थिएटर. पदे आम्ही गाळली, कारण गळा एकालाही नव्हता. वर्गातला सर्वांत किरकोळ मुलगा शारदा झाला. थेरड्या भुजंगनाथाचे लग्न जुळवणारा भद्रेश्वर माझ्याकडे आला, आणि पैशाच्या लोभाने पोटची पोर त्याला देणारा बाप कांचनभट्ट माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राकडे. तो खाडीकाठच्या गावातून पायी सफाळ्याला येई. त्याच्यासारखा आवाज आमच्यांत दुसरा नव्हता. पालघरच्या बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या टोपल्या पायांशी ओढून आमचे ऐकत. त्यांतली एक म्हातारी कांचनभट्टाला रोज शिव्या मोजी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मित्र आला तो गप्पच. गाडी सुटली, माझी भाषणे झाली, त्याची पाळी आली. त्याने तोंड उघडले नाही. केळवे रोड गेल्यावर म्हणाला, “ताईचं ठरलं.” ताई सोळा वर्षांची. नवरदेव पंचेचाळिशीचा बिजवर, मोठ्या वाडीचा मालक. तो ह्यांचे कर्ज फेडणार होता.

इथे थोडे विषयांतर करतो. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ सालच्या कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात, आणि ते नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. अजमेरचे हरविलास सारडा यांच्या नावावरून ते आले. पण गैरसमज गोड आहे, आणि १८९९ सालच्या नाटकाला त्याचे श्रेय देण्याचा मोह मलाही होतो. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले, १९४९ साली ते पंधरा झाले, अठरा व्हायला १९७८ साल लागले. म्हणजे ताईच्या लग्नात कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती. वराच्या वयाला तर कुठलीच वरची मर्यादा नव्हती, आजही नाही.

डब्यातल्या म्हातारीने विचारले, “आज तुमचा भट का बोलत नाय?” आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. नाटक तिथेच थांबले.

तुळशीचे लग्न लागले आणि पुढच्या आठवड्यात ताईचे. आम्ही वर्गातली पाच-सहा मुले गेलो, जेवलो. मित्र पंगतीत वाढीत होता.

आज विरारची लोकल डहाणूपर्यंत जाते, २०१३ पासून. माझी नात अकरावीत आहे. दादरला दुपारचे नाटक बघून ती संध्याकाळी सफाळ्याला घरी येते आणि पात्रांच्या नकला करून दाखवते. तिला मी हे सारे सांगितले, तेव्हा तिने विचारले, “मग परीक्षेत काय आलं?”

पूर्वपरीक्षेच्या पेपरात मास्तरांनी कांचनभट्टाचे स्वभावचित्र विचारले होते. त्यांना लग्नाचे कळले नव्हते. मी दोन पाने लिहिली आणि दहापैकी आठ मार्क मिळवले. मित्राने तो प्रश्न सोडून दिला होता.