मजुराचे उत्तर

समाजकार्याच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी अनुवाद मी केला होता. त्यात ‘लाभार्थी’ हा शब्द पानोपानी होता. पुढे एका वस्तीतल्या बैठकीत ती पुस्तिका वाचली जात असताना एक बाई म्हणाल्या, “रेशन कायद्यानं आमचं आहे ना? मग लाभ कसला?” मला उत्तर सुचले नाही. आठवला तो ब्राझीलमधला एक मजूर.

पाउलो फ्रेरे यांनी १९४७पासून सुमारे दहा वर्षे उद्योगपतींच्या समाजसेवा संस्थेत काम केले. रेसिफे शहरात ते कामगार पालकांपुढे बोलत. मुलांना मारू नये, हे एकदा त्यांनी पियाजेच्या सिद्धांताच्या आधारे समजावले. व्याख्यान संपल्यावर चाळिशीचा एक मजूर उठला. फ्रेरे यांचे घर न पाहताच त्याने त्यातल्या खोल्या अचूक सांगितल्या. मग आपली एकच खोली, थकवा आणि भुकेने रडणारी मुले यांचे वर्णन केले. आम्ही मारतो ते प्रेम नाही म्हणून नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. परतताना फ्रेरे पत्नी एल्झा यांना म्हणाले, की लोकांना माझे बोलणे समजलेले दिसत नाही. एल्झा यांनी उलट विचारले, की तुम्हालाच ते समजले नसतील तर? हा प्रसंग फ्रेरे यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

१९६३मध्ये आंजिकोस या गावी त्यांनी सुमारे ३०० प्रौढांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. सुरुवात लोकांच्या रोजच्या शब्दांपासून होई. ‘वीट’ हा शब्द घेतला, की वीट कोण भाजतो आणि घर कोणाचे उभे राहते, हेही बोलता येई. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. त्यामुळे अक्षर हे राजकारणच होते. १९६४च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे यांना तुरुंगवास आणि मग देशत्याग घडला. चिलीतल्या वास्तव्यात त्यांनी ‘पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ लिहिले. त्याच काळात लॅटिन अमेरिकेतले समाजकार्यकर्ते आपल्या पेशाची फेरमांडणी करू लागले होते. घेणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या मदतीवर फ्रेरे यांनी केलेली टीका त्यांना जवळची वाटली.

भुकेल्याला आधी धान्य हवे, तत्त्वज्ञान नंतर, हा आक्षेप खरा आहे. पण त्या मजुरानेही मदत नाकारली नव्हती. आपले जगणे ठाऊक नसताना दिलेला उपदेश तेवढा त्याने परत केला होता.

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत मी ‘हक्कदार’ लिहिले. शब्द बदलल्याने धान्य वेळेवर येत नाही, हे त्या बाईंनी मला लगेच सुनावले. मात्र ते आले नाही, तर लाभार्थ्याने विनवणी करायची असते आणि हक्कदाराने तक्रार. त्या बाई तक्रारच करत होत्या. माझा अनुवाद मागे राहिला होता.