‘व्हिझ’मधला झेड

इंग्रजीत रुळलेल्या बहुतेक लॅटिन संक्षेपांची फोड एका दमात सांगून होते. ‘आय. ई.’ म्हणजे ‘इद एस्त’, तेच वेगळ्या शब्दांत. ‘ई. जी.’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’, उदाहरणादाखल. ‘एटसेटरा’ म्हणजे आणि बाकीचे. यांतली अक्षरे मूळ शब्दांतूनच आलेली आहेत. आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीत आजही भेटणारा ‘व्हिझ’ मात्र अडवून धरतो. त्याचा मूळ शब्द ‘विदेलिकेत’; ‘विदेरे’ म्हणजे पाहणे, ‘लिकेत’ म्हणजे मुभा आहे. या अख्ख्या शब्दात झेड कुठेही नाही.

कारण तो झेड नाहीच. मध्ययुगीन युरोपातले लेखनिक श्रम आणि चर्मपत्र वाचवण्यासाठी शब्दांचे शेवट गाळत आणि तिथे एक खूण करत. ती आपल्या ३ च्या आकड्यासारखी होती, खालच्या शेपटीसकट. ‘वि’पुढे ही खूण दिसली की वाचणारा ‘विदेलिकेत’ समजून घेई. छपाईत या खुणेच्या जागी तिच्याशी मिळताजुळता झेडचा खिळा बसला आणि कायमचा राहिला. हा तर्क ओढूनताणून आणलेला नाही. स्कॉटलंडमध्ये ‘योघ’ या जुन्या अक्षराचे हेच झाले. त्याचाही आकार ३ सारखा, त्याच्याही जागी जुळाऱ्यांनी झेड लावला. म्हणून तिकडे झेड घालून लिहिलेले ‘मेन्झिस’ हे आडनाव परंपरेने ‘मिंगिस’ असे उच्चारतात.

खरा वाद यापुढे आहे. ही खूण तिरोची, असे पुष्कळदा सांगितले जाते. तिरो हा सिसेरोचा गुलाम आणि लेखनिक, इ. स. पू. ५३ मध्ये तो मुक्त झाला. रोमन लघुलिपीचे जनकत्व परंपरेने त्याला दिले आहे. त्या लिपीत ‘एत’साठी, म्हणजे ‘आणि’साठी, स्वतंत्र चिन्ह होते. ‘विदेलिकेत’च्या शेवटी ‘एत’ येते, तेव्हा कथा चपखल बसते. तरी ती मला पटत नाही. तिरोचे चिन्ह इंग्रजी सातच्या आकड्यासारखे आहे. आयर्लंडमधल्या पाट्यांवर ते आजही दिसते. सातचा तीन कसा झाला, याचे उत्तर या कथेत नाही. शिवाय हीच ३ सारखी खूण ‘ओम्निबुस’च्या शेवटी ‘उस’साठी आणि ‘आत्क्वे’च्या शेवटी ‘क्वे’च्या जागी येते. ‘उस’चा ‘आणि’शी काय संबंध? यावर आक्षेप येईल की लेखनिक ‘आणि’चे चिन्ह नुसत्या ‘एत’ या ध्वनीसाठीही शब्दांच्या पोटात वापरत. वापरत, हे खरे. पण त्याने ‘उस’चा उलगडा होत नाही. माझ्या मते ही खूण अर्धविरामासारख्या चिन्हातून आली. शब्द तोडला हे दाखवायला लेखनिक ते शेवटी लिहीत. वरचा ठिपका आणि खालचा स्वल्पविराम भरभर लिहिताना जोडले गेले की ३ तयार होतो. आकार आणि उपयोग, दोन्हींचा मेळ इथेच बसतो.

याच जोरावर औंसच्या संक्षेपातला झेडही त्याच खुणेचा, असे काहीजण म्हणतात. तिथे मी थांबतो. जुन्या इटालियनमध्ये ‘ओन्झा’ असा शब्द आहे आणि त्यात झेड उघड आहे.

मूळ कळले की वापरही नेमका होतो. ‘ई. जी.’नंतर चार नमुने दिले तरी चालतात. ‘व्हिझ’नंतर मात्र आधी उल्लेखलेले सगळे नाव घेऊन मांडावे लागते: लॅटिनमध्ये तीन लिंगे, ‘व्हिझ’ पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. त्या यादीच्या शेवटी ‘एटसेटरा’ लिहू नका.