मानवाची भटकंती आणि इनामगावची वस्ती

मनुष्याच्या इतिहासाकडे नजर टाकली असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते ती ही की, त्याचा फार मोठा काळ भटकण्यात गेला. घर, शेत आणि गाव या गोष्टी त्या मानाने अगदी अलीकडच्या होत. प्रवरा नदीच्या काठी नेवासे येथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. हा माणूस शिकार करी, कंदमुळे व फळे गोळा करी आणि पाणी व सावज असेल तिकडे जाई. त्याच्याजवळ साठवण नव्हती. त्यामुळे ती राखण्याची चिंताही नव्हती.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस गहू व जव पेरू लागला, शेळ्यामेंढ्या पाळू लागला. पेरले म्हणजे कापणीपर्यंत थांबणे आले. थांबणे आले म्हणजे घर आले, शेजार आला. खाऊन उरलेल्या धान्यासाठी कोठार आले आणि कोठाराबरोबर हिशेबही आला. तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यातील सुमेर देशात इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर जे लिखाण झाले, ते बहुतांशी धान्य, जनावरे आणि वाटप यांच्या नोंदींचे आहे. अक्षराचा जन्म असा कोठाराच्या दारी झाला. पुढे इ. स. पूर्व २६०० ते १९०० या काळात सिंधू नदीच्या खोऱ्यात मोहेंजोदडो व हडप्पा ही नगरे भरभराटीस आली.

महाराष्ट्रात त्या काळी तशी मोठी नगरे उभी राहिली नाहीत. परंतु शेतीवर जगणारे गाव कसे वसते, वाढते आणि कसे मोडते, याचा चांगला दाखला पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे मिळाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांनी त्याकामी परिश्रम घेतले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे उजेडात आले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले हे गाव जवळजवळ नऊशे वर्षे नांदत होते.

भरभराटीच्या काळातील घरे चौकोनी व प्रशस्त होती. भिंती मातीच्या, आत चूल आणि धान्य साठविण्याची सोय. लोक जव, गहू व कडधान्ये पिकवीत. गावाच्या पश्चिम अंगास कुंभारादी कारागिरांची वस्ती होती. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्यालगत कोठार होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात सर्वांकडून आलेले धान्य ठेवीत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

याहून विशेष गोष्ट म्हणजे तेथील पाट व बांध. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी सुमारे २०० मीटर लांबीचा पाट खणून त्याच्या कडेला दगडमातीचा बांध घातलेला होता. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. कोणीतरी पुढे होऊन सांगितले असेल, घरटी माणसे आली असतील, तेव्हाच हे काम तडीस गेले असेल.

या लोकांचा आपल्या घराशी असलेला जिव्हाळाही दिसून येतो. लहान मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवीत आणि घरातच जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसास पुरताना त्याची पावले घोट्याखाली तोडीत. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागे भावना असावी. एका घरात जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीसोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती व बैल मिळाला. ही त्यांची देवता असावी, असे मानतात.

परंतु इ. स. पूर्व १००० नंतर दिवस पालटले. पाऊसमान घटले, असे डॉ. ढवळीकरांचे मत होते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गहू जवळजवळ दिसेनासा झाला, शिकारीवर भर वाढला. ज्यांच्या पूर्वजांनी पाट खणला तेच लोक पुन्हा अर्धे भटके झाले आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. नवल असे की, हे उत्खनन चालू असलेल्या वर्षांतच महाराष्ट्रावर १९७२ चा भीषण दुष्काळ कोसळला होता. जमिनीखालचे दुःख आणि जमिनीवरचे दुःख एकच होते.

संस्कृती म्हणजे केवळ मोठ्या इमारती नव्हेत. पडणारे पाणी अडविणे, उरलेले धान्य राखणे आणि वाईट वर्षी ते एकमेकांच्या उपयोगी आणणे, यावर तिचा पाया उभा असतो. हा पाया एकदा घातला म्हणजे कायमचा झाला असे नाही, प्रत्येक पिढीला तो नव्याने सांभाळावा लागतो, हेच इनामगावची माती सांगते.