देवाचे इनाम आणि लोकांचा हक्क

मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने देवगडकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत आचरे हे गाव लागते. या गावच्या श्रीदेव रामेश्वराच्या नावामागे ‘इनामदार’ ही उपाधी आजही लावली जाते. उत्पन्नाचा धनी देव, आणि त्याच्या नावाने वहिवाट पाहणारे मानकरी हे केवळ त्याचे मुखत्यार, अशी ही व्यवस्था होती. सनदा देणाऱ्या राजसत्ता लयास गेल्या, तरी त्या व्यवस्थेची खूण त्या एका उपाधीत टिकून राहिली आहे. धर्म आणि लोककल्याण यांच्या संबंधाचा विचार करताना आपण बहुधा दानशूर व्यक्ती डोळ्यांसमोर आणतो. परंतु या किनाऱ्यावर तो संबंध महसूल, सनद, नेमणूक आणि वर्षासन यांच्या द्वारे सरकारी दप्तरातच बांधला गेलेला होता, आणि म्हणून त्याचा इतिहास पुण्याच्या हिशेबाइतकाच राज्यकारभाराचाही इतिहास आहे.

गावरहाटीत देवालय हे केवळ पूजेचे स्थान नव्हते. तंट्याचा निवाडा, शेतीच्या कामांचा आरंभ, रोगराईवरील उपाय, या सर्वांसाठी कौल तेथेच लावला जाई. गाऱ्हाणे घालणारा गावकरी गावातल्या लेकराबाळांबरोबर पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्याचेही रक्षण मागतो, आणि जमलेला समुदाय ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यास संमती देतो. दूर गेलेल्या माणसाची काळजी सर्वांनी मिळून वाहावी, हा भाव त्या एका उच्चारात जितका स्पष्ट होतो तितका तो क्वचितच कोठे होत असेल. आचऱ्याची गावपळण पाहावी. दर काही वर्षांनी देवाचा कौल होताच सारे गाव घरेदारे बंद करून, गुरेढोरे व कोंबड्या बरोबर घेऊन, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहते. जात, धर्म, श्रीमंती यांपैकी कशाचीही सवलत तेथे मिळत नाही, आणि गावातील मुसलमान कुटुंबेही या परंपरेत सामील होतात. सर्वांनी सारखी तोशीस सोसावयाची ही प्रथा पाहिली म्हणजे सामुदायिक त्यागाची शिस्त या लोकांना कोणत्याही कायद्याआधी ठाऊक होती, असे मला निःसंशय वाटते.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा इतिहासाशी द्रोह ठरेल. पालखीपुढे कोणी चालावे, नारळाचा मान कोणाचा, महाप्रसादाच्या पंगतीत कोणी कोठे बसावे, हे सर्व जातीच्या उतरंडीने ठरत असे. ज्यांच्या श्रमावर गावाची स्वच्छता अवलंबून होती त्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती. देवाच्या नावाने मिळणारे साहाय्य दर्जा पाहून वाटले जाई, आणि ज्यास गरज अधिक त्याच्याच वाट्यास ते कमी येई.

या व्यवस्थेवरची राजसत्ताही पुढे बदलली. १८१२ साली करवीरकरांनी मालवण आणि सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले कंपनी सरकारच्या हवाली केले. पेशवाईच्या अस्तानंतर, पुण्यात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे लोकहितवादींच्या पिढीतील सुधारकांनी तोच निधी मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा असा आग्रह धरला. धर्मादायाचा पैसा हा लोकांचाच पैसा, ही जाणीव तेथे प्रथम उघडपणे बोलून दाखविली गेली. इंग्लंडात धर्मादायाकडून कराकडे स्थित्यंतर फार पूर्वी झाले होते; १६०१ च्या कायद्याने तेथील प्रत्येक चर्चच्या हद्दीस आपल्या गरिबांसाठी कर बसविण्याची सक्ती केली, म्हणजे भाविकांचे जे क्षेत्र होते तेच सरकारी करवसुलीचे क्षेत्र झाले. आपल्याकडे गाव तसाच हाती असूनही असा कर मात्र उभा राहिला नाही.

गावाची स्वच्छता राखणाऱ्यांनाच दूर ठेवणारा धर्माचा दोष दूर करण्यासाठी ज्याने आपले आयुष्य खर्ची घातले तो पुरुष म्हणजे कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम आपणांस करू द्यावे म्हणून त्यांनी हट्ट धरला, अधिकाऱ्यांनी जातीचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न घटविले; आणि १९३२ च्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिल्यावर सरकारला नमावे लागले. पुढे १९४८ साली कणकवलीनजीक त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला. तेथे सोपे संडास, सोनखत आणि मेलेल्या जनावरांचे कातडे कमाविणे ही कामे आश्रमवासीयांची दैनंदिन उपासना झाली. ज्या कामास धर्माने अपवित्र ठरविले होते तेच त्यांनी धर्मबुद्धीने केले, आणि कोकणच्या धर्मजीवनात याहून मोठी घटना त्या शतकात घडली नाही असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानेही उपासना आणि धर्मादाय यांतील भेद स्पष्ट केला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याने दारिद्र्यनिवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांस धर्मादाय कार्यात स्थान दिले. केवळ धार्मिक शिकवण वा उपासना यांपुरता असलेला उद्देश मात्र धर्मादायाच्या व्याख्येबाहेर ठेवला. त्यानंतर १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्रात ग्रामीण श्रमिकाला काम मागण्याचा हक्क दिला, आणि त्या खर्चासाठी १९७५ पासून घेतला जाणारा व्यवसायकर मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून येऊ लागला. तोच चाकरमानी आपल्या गावच्या मंडळाची वर्गणी आनंदाने भरतो आणि कराची रक्कम मात्र नाइलाजाने. दोन्ही पैसे त्याच गावच्या माणसांकडे जातात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

देवस्थानांचे विश्वस्त दरवर्षी जमाखर्च तपासून घेण्यास कायद्याने बांधलेले आहेत. तेव्हा ज्या गावकऱ्यांच्या वर्गणीने कोकणात आज जीर्णोद्धार होत आहेत, त्यांनी वार्षिक सभेत एका रकमेची विचारणा अवश्य करावी: या वर्षी गावच्या अडल्यानडल्यांसाठी देवाच्या नावे किती खर्च पडला?